रिचार्जेबल सेल घेण्याआधी चार्जर बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. टीव्हीचा रिमोट, कॉर्डलेस फोन, सासूबाईंचं बीपी मशीन, मुलांची खेळणी, टॉर्च आणि डासांची बॅट, एवढ्या सगळ्याला सेल आणून आणून कंटाळा आलाय, भाचा म्हणतो सगळीकडे लिथियम घालून टाका, ऑनलाईन ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) वाले स्वस्तात मिळतात, आणि तुम्हाला भीती वाटते की रात्री घरात भडका उडाला तर काय करायचं. भीती वाटते ते बरंच आहे. गोव्यात म्हापशाला माझं रिपेरिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली, जळलेलं जे काय टेबलावर आलं त्यातल्या बऱ्याच वस्तूंत सेलही चांगला होता आणि चार्जरही चांगला होता, फक्त दोघांची जात वेगळी होती. म्हणून पहिलं ते सांगतो, कुठचा सेल घ्यायचा ते मागाहून.

रिचार्जेबल सेल घरात तीन जातींचे येतात. शिशाचे म्हणजे लेड-ॲसिड, निकेलचे, आणि लिथियमचे. शिशाच्या एका घराला २ व्होल्ट, म्हणून त्यांच्या बॅटऱ्या ४, ६, १२ अशा येतात. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा. लिथियम-आयनचा ३.६ किंवा ३.७ लिहिलेला असतो आणि भरला की बरोबर ४.२ वर थांबावा लागतो, त्याच्या पुढे गेला की आत लिथियम धातू साचायला लागतो आणि सेल तापत जातो. शिशाची ४ व्होल्टची बॅटरी मात्र भरताना ४.८ पर्यंत आरामात जाते, तिला काही होत नाही, थोडा गॅस सुटतो एवढंच. निकेलचा सेल भरत आला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, चांगला चार्जर तेवढा हलकासा उतार ओळखून बंद होतो. म्हणजे प्रत्येकाची भरल्याची खूण वेगळी, आणि चार्जर ज्या जातीसाठी बनवलाय त्याच जातीची खूण त्याला कळते. दुसऱ्या जातीचा सेल लावला तर तो भरतच राहणार.

आता डासांच्या बॅटचं बघा, कारण आपल्याकडे ती प्रत्येक घरात आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. जुन्या पद्धतीच्या बॅटमध्ये ४ व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते, वर्ष-दीड वर्षात ती मरते, मग माणूस रिपेरवाल्याकडे येतो. तसली बॅटरी हाताशी नसली की रिपेरवाला काय करतो, जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधला एक लिथियम सेल काढून तारा जोडून देतो, ३.७ आणि ४ जवळजवळ सारखंच की, आणि बॅट पहिल्यापेक्षा जोरात चालते, गिऱ्हाईक खूश. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत तशा बॅट करून दिल्यात, हे कबूल करतो. आतल्या चार्जिंगच्या सर्किटमध्ये साधा कपॅसिटर आणि डायोड, थांबायची सोयच नाही, शिशाची बॅटरी ते सहन करायची म्हणून चालून जायचं. मग एका माणसाने दुसऱ्या कोणाकडून तशीच करून घेतलेली बॅट माझ्याकडे आणली, रात्री सोफ्यावर चार्जिंगला लावून झोपला होता, पहाटे फस्स करून आवाज झाला आणि सोफ्याची गादी हातभर जळली, घरच्यांना जाग आली म्हणून निभावलं. त्या आठवड्यात मी वहीत बघून माझ्या हातच्या जेवढ्या बॅट आठवल्या तेवढ्यांना फोन लावले आणि सेल काढून घेतले. तेव्हापासून ४ व्होल्ट शिशाची बॅटरी नसेल तर मी सरळ नाही म्हणतो.

म्हणून बॅट, जुने इमर्जन्सी लाईट, चार्जिंगचे जुने टॉर्च, ह्यांत जे होतं तेच परत घालायचं. शिशाचं होतं तर शिशाचंच. कोणी म्हणालं की लिथियम घालून देतो जास्त टिकेल, तर विचारा चार्जिंगचं सर्किट पण बदलणार काय. बदलणार नसेल तर बॅट परत घेऊन या. आणि एक, ह्या स्वस्त बॅटच्या चार्जिंगला बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, सरळ घरातली २३० व्होल्ट लाईट कपॅसिटरमधून आत येते, त्यामुळे पिनवर लावलेली असताना ती उघडायची नाही, जाळीला किंवा आतल्या बॅटरीला हात लावायचा नाही, जीवघेणा शॉक बसू शकतो. मुलांच्या हाताला येईल अशा प्लगवर लावू नका.

आता तुमच्या पेन्सिल सेलकडे येतो, म्हणजे एए आणि त्यापेक्षा बारीक एएए. इथे माझं उत्तर सरळ आहे, निकेल मेटल हायड्राइड, पाकिटावर नी-एमएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातसुद्धा लो सेल्फ डिस्चार्ज वाले बघून घ्या. जुने नी-एमएच सेल भरून ठेवले की महिना-दोन महिन्यांत आपणच उतरायचे, म्हणून लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास गेला. २००५ साली सान्यो कंपनीने एनेलूप आणले ते भरून ठेवले तर वर्षभरानेही बराचसा चार्ज धरून असतात, आता ते पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात, इतर कंपन्यांचेही रेडी टू यूज किंवा प्रीचार्ज्ड असं लिहिलेले मिळतात, ते ह्याच प्रकारचे.

आग लागण्याच्या दृष्टीने ह्याचा फायदा असा की निकेलच्या सेलमधलं द्रावण पाण्याचं असतं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवलेलं, ते पेट घेत नाही. लिथियमच्या सेलमधलं द्रावण पेट्रोलच्या कुळातलं समजा, तापलं की त्याची वाफ होऊन पेटते, आणि आतल्या धातूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजनही सुटतो. निकेलचा सेल निर्धास्त असतो असं मात्र समजू नका हां. चार भरलेले सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकले तर शॉर्ट होऊन चटका बसेल इतके तापतात. पण गादी पेटवायची वेळ सहसा येत नाही.

क्षमतेचे आकडे बघून फसू नका. नी-एमएचचा चांगला एए सेल २००० च्या आसपास असतो, खूप ताणलेला २५०० ते २८०० पर्यंत. एएए मध्ये ७५० ते १००० च्या आसपास. एए वर ३००० च्या पुढे आणि एएए वर १२०० च्या पुढे काही लिहिलं असेल तर तो आकडा खोटा, आणि जो आकडा खोटा छापतो तो आत काय भरतो कोणास ठाऊक. आणखी एक गोष्ट लोक उलट समजतात, जास्त एमएएचचा सेल जास्त वर्षं टिकतो असं नाही, उलट कमी क्षमतेचा साधा सेल जास्त वेळा भरता येतो. घरासाठी २००० वाला पुरे.

सेलवर चार पैसे कमी घाला पण चार्जर चांगला घ्या. सेलच्या पाकिटाबरोबर फुकट येणारा जो चार्जर असतो तो बहुतेक वेळा दोन-दोनच्या जोडीनेच भरतो आणि बरेच नुसते घड्याळ लावल्यासारखे ठरावीक वेळ भरत राहतात, एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर अर्धा भरलेला उगीच शिजतो. प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला, भरला की त्या-त्या सेलचं चार्जिंग बंद करणारा स्मार्ट चार्जर घ्या. भरताना सेल कोमट लागला तर ठीक, हातात धरवत नसेल तर काहीतरी बिघडलंय, सेल किंवा चार्जर, दोन्ही बाजूला ठेवा. आणि चारचा सेट चारचाच ठेवा, एकाच दिवशी घेतलेले, पर्मनंट मार्करने महिना-साल लिहून. नवा-जुना मिसळला की कमजोर सेल आधी संपतो आणि बाकीचे तीन त्याला उलटं चार्ज करतात, त्यातून तो मरतो नाहीतर गळतो.

कॉर्डलेस फोनच्या हँडसेटमध्ये नी-एमएचचे दोन एएए असतात, तिथे तेच घालायचे. चार्जिंगच्या स्टँडवर ठेवला की फोन त्यांना चार्ज करायला लागतो, त्यात चुकून साधे अल्कलाइन सेल घातले तर ते चार्ज होत नाहीत, गळतात, कधी फुटतात. लोक हे फार करतात कारण आकार सारखा.

रिमोट आणि भिंतीवरचं घड्याळ ह्यांना रिचार्जेबलची गरज नाही, इतका कमी करंट घेतात की साधा कार्बन-झिंकचा सेल वर्षभर जातो. फक्त आपल्या पावसाळ्याच्या दमटपणात अल्कलाइन सेल विसरून राहिला की पांढरी पूड सुटते आणि रिमोटची स्प्रिंग खाते. ती पूड अल्कधर्मी असते, आंबट लावलं की निघते. घरात माडाचा विनेगर असला तर कापसाच्या काडीवर दोन थेंब, नसला तर लिंबाचा रस चालतो, मग ओल्या फडक्याने पुसून नीट सुकवा. हात धुवा, ती पूड डोळ्यात जाऊ देऊ नका. चवथीच्या आधी माळ्यावरून सजावटीचं सामान काढता ना, तेव्हा सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या माळा उघडून बघा, गेल्या वर्षीचा सेल आत राहिला असेल तर हेच झालेलं असतं.

बीपी मशीनबद्दल मी थोडा जपून बोलतो. १.२ आणि १.५ चा फरक एका सेलला काही वाटत नाही, पण चार सेलच्या मशीनला ६ च्या जागी ४.८ व्होल्ट मिळतात. बरीच मशीनं त्यावर चालतात, काही लगेच लो बॅटरी दाखवतात, पट्टा अर्धा फुगवून बंद पडतात. सोबतच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा, रिचार्जेबल चालत नाही म्हटलं असेल तर अल्कलाइनच घाला, नाहीतर कंपनीचा ॲडॅप्टर घ्या. सासूबाईंचं रीडिंग रोजचं असेल तर ॲडॅप्टर सगळ्यात बरा, आणि आत अल्कलाइन सेल ठेवा म्हणजे लाईट गेली तरी अडणार नाही.

भाचा कदाचित त्या नव्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलबद्दल बोलत असेल, ज्याला यूएसबीची केबल थेट लागते. ते वेगळं प्रकरण आहे, आत छोटा लिथियम सेल असतो आणि एक सर्किट ३.७ चे १.५ करून देतं. चांगल्या कंपनीचा असेल तर कॅमेऱ्याला, बाहुलीला ठीक. पण तो शेवटपर्यंत १.५ देतो आणि संपला की दिवा मालवल्यासारखा एकदम बंद होतो, त्यामुळे टॉर्चमध्ये मी घालत नाही. रात्री परसात साप दिसला आणि टॉर्च गेला म्हणजे काय करणार? नी-एमएच हळूहळू मंदावतो, सांगून जातो. शिवाय त्या सर्किटचा रेडिओत खरखर आवाज येतो, सकाळी आकाशवाणी पणजी लावणाऱ्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये घातलात तर तक्रार येईल. आणि ते यूएसबीवाले सेल निकेलच्या चार्जरमध्ये घालायचे नाहीत, तसंच निकेलचे त्यांच्या डब्यात नाहीत. तुमच्या घरी दोन्ही आले की मुलं अदलाबदल करणारच, म्हणून मी म्हणतो एकच जात ठेवा.

ह्याहून घातक म्हणजे १४५०० नावाचा सेल. दिसायला हुबेहूब एए, पण ३.७ व्होल्टचा. खेळण्यात असे दोन घातले तर ३ च्या जागी ७.४ व्होल्ट, मोटर किंवा सर्किट जळणार. पाकिटावर ३.७ दिसलं की तो पेन्सिल सेलच्या जागी जात नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता ते ९९०० एमएएच वाले. ते १८६५० म्हणतात त्या मापाचे, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. ह्या मापात नावाजलेल्या कंपन्यांचा सेल ३५०० च्या आसपास जातो, ९९०० एवढं त्यात मावतच नाही. माझ्याकडे असे सेल येतात ते मी आधी वजनाला टाकतो. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, हे ३० च्या आसपास भरतात, काही त्याहून हलके. मीटरवर लावले की हजार-बाराशे निघतात, कधी पाचशे. फोडलेले मी बघितलेत, आत लहान सेल आणि बाकी जागा पूड घालून भरलेली. काही तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, वरचं प्लास्टिक बदलून नवे म्हणून विकलेले, त्यांच्या आत काय झिजलंय ते बाहेरून कळत नाही. सुटा लिथियम सेल घरात आणूच नये असं माझं मत आहे. ज्या वस्तूत तो बसवलेला येतो, चार्जिंगचं सर्किट आणि प्रोटेक्शन सोबत, ती वस्तू घ्या.

आणि ती वस्तू घेताना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नंबर बघा. लिथियमच्या सेलला आणि बॅटरीला आपल्याकडे आयएस १६०४६ ह्या मानकाखाली रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, सेलवर किंवा खोक्यावर चिन्हाखाली आर आणि पुढे आठ आकडे असतात. मोबाईलवर बीआयएस केअर ॲप घालून तो नंबर टाका, कुठची कंपनी, कुठचा माल ते येतं. नंबर दुसऱ्याच मालाचा निघाला तर दुकानदाराला परत करा. दोन मिनिटांचं काम आहे, शुक्रवारच्या बाजारात उभ्या-उभ्या होतं.

पावसात लाईट जाते तेव्हाचं विचारलंत. जूनमध्ये माडाचं चुडत, म्हणजे झावळी, तारेवर पडलं की आपल्याकडे तासन् तास लाईट नसते, म्हणून हल्ली वायफायच्या राऊटरला छोटा यूपीएस लावतात, त्यात दोन-तीन लिथियम सेल असतात आणि तो चोवीस तास भरलेल्या अवस्थेत गरम राऊटरला चिकटून बसलेला असतो. लिथियमला दोन गोष्टी फार झिजवतात, उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं असणं, इथे दोन्ही एकत्र. त्याला राऊटरपासून वीतभर लांब, हवा लागेल असा ठेवा, पडद्याला किंवा लाकडी कपाटाला टेकवून नको. महिन्यातून एकदा पाठीवर हात फिरवून बघा, पृष्ठ सपाट आहे ना. टॉर्च आणि इमर्जन्सी लाईट मे महिन्यातच भरून तपासा. गडगडायला लागलं की सगळे चार्जर प्लगवरून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, गेलेली लाईट परत येते तेव्हा सुद्धा धक्का मोठा असतो.

चार्जिंग नेहमी लादीवर किंवा कडप्प्यावर करा, गादी, सोफा, उशीखाली नको, देव्हाऱ्याजवळ समई असते तिथे नको, आणि जागे असताना करा. सेल फ्रिजमध्ये ठेवतात काही जण, आपल्या हवेत बाहेर काढला की त्यावर पाणी धरतं, ठेवू नका, प्लास्टिकच्या डब्यात कोरड्या कपाटात पुरे.

एखादी बॅटरी फुगली, मोबाईलचं पाठ वर आलं, गोडसर रसायनासारखा वास आला, तर चार्जिंग तिथल्या तिथे बंद करून प्लग काढा, दाबू नका, टोचू नका, बाहेर उघड्यावर लादीवर ठेवा आणि रिपेरवाल्याला बोलवा. फुगा म्हणजे आतल्या द्रावणाचा झालेला गॅस आहे. धूर यायला लागलाच तर आधी माणसं बाहेर, तो धूर श्वासात घ्यायचा नाही, त्यात घातक फ्लोराइडचे वायू असतात, मग १०१ लावा. लिथियम म्हणून पाणी मारायचं नाही असं लोक सांगतात, घरगुती लिथियम-आयनला ते लागू नाही, प्लग काढलेला असेल तर लांबून भरपूर पाणी मारून थंड करणं हाच उपाय, कारण ज्वाळा विझली तरी सेल आतून तापून परत पेटतो.

तुम्ही विचारलं नव्हतं पण मुलांची खेळणी म्हणालात म्हणून सांगतो, बोडगेश्वराच्या जत्रेत मिळतात ती लुकलुकणारी स्वस्त खेळणी, त्यांत बटण सेल असतात आणि झाकणाला बऱ्याचदा स्क्रूच नसतो. तो सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजायला सुरुवात होते, सेल जुना असला तरी. संशय जरी आला तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक हॉस्पिटल, शक्य तर बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, आणि काय गिळलं ते आधीच सांगा. स्क्रू नसलेलं खेळणं घरात ठेवू नका. ह्या सीआर २०३२ सारख्या बटण सेलला चार्जरही लावायचा नाही, ते चार्जिंगचे नसतातच. एलआयआर लिहिलेले त्याच मापाचे रिचार्जेबल मिळतात पण त्यांचा व्होल्टेज जास्त, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मेलेले सेल पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या पोत्यात मिसळून टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला लिथियम सेल कधी पेटेल सांगता येत नाही, आणि उचलणाऱ्या माणसाच्या हातात तो असतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून प्लास्टिकच्या बरणीत साठवा, बरणी भरली की ई-कचऱ्याच्या गोळा करण्याच्या दिवशी द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची सोय लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकलीय, त्यामुळे मोठ्या दुकानात विचारायला लाजू नका. इन्व्हर्टरची आणि यूपीएसची शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानदारच पैसे वजा करून परत घेतो, ती भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, ॲसिड आणि शिसं शेवटी विहिरीत उतरतं.

आणि भाच्याने ते ९९०० वाले आधीच मागवले असतील तर पाकीट न फोडता परत पाठवा. परतीची मुदत गेली असेल तर त्यांना एकदाही चार्जिंगला लावू नका, टोकांना पट्टी लावा आणि वरच्या त्याच बरणीत जाऊ देत.